सव्वाचारशे रुपयांत थांबलेलं तेल: जुन्या झेनचं पॅकिंग, ओ-रिंग आणि पीसीव्ही

कंपनीच्या पाकिटातलं टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाचं, पॅकिंग २१० रुपये, डिस्ट्रिब्युटरची (प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाची) रबरी ओ-रिंग २५ रुपये, इंजिनात साठणारा गॅस ओढून घेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह १९० रुपये. एकूण ४२५. या तीन वस्तूंबद्दल लिहायला बसले आहे. पण त्याआधी आणखी तीन वस्तूंवर मी साडेसहाशे रुपये उडवले, त्यांचीही हजेरी घेणार, नाहीतर गोष्ट अर्धीच राहील.

गाडी मामंजींची. १९९७ ची झेन, कार्ब्युरेटरवाली, एमपी ०९ नंबरची, रंग एके काळी चंदेरी होता. ९९३ सीसी, चार सिलिंडर, इंजिन अख्खं ॲल्युमिनियमचं, हे मामंजी पाहुण्यांना चहाच्या आधी सांगतात. हीच गाडी युरोपात सुझुकी अल्टो नावाने जायची, हे चहानंतर. झेन बंद होऊन २००६ पासून इतकी वर्षं झाली तरी आमच्या पोर्चमध्ये ती रोज पुसली जाते. मार्च २०२२ मध्ये तिचं रजिस्ट्रेशन पुन्हा पाच वर्षांनी वाढवून घेतलं, तेही फी ६०० ची ५००० होण्याच्या ऐन तोंडावर, आणि हा विजय मामंजी अजून विसरलेले नाहीत. आता वीस वर्षांवरच्या गाडीला दहा हजार झालेत. २०२७ च्या मार्चला तिला पुन्हा आरटीओसमोर उभं करायचं, तर खालून तेल ठिबकत असून चालणार नाही. हे सगळं त्यातून सुरू झालं.

खरं तर सुरू झालं ते वासातून. गाडी सिग्नलला थांबली की आत जळक्या तेलाचा वास यायचा. मग पोर्चच्या फरशीवर रुपयाएवढा डाग, मग बशीएवढा. शेजारचे काका फाटकातून डोकावून म्हणाले, "अहो, आपलं इंदूर नंबर वन, आणि तुमच्या दारात हे? नगर निगमवाले चालान करतील हो." गंमतच करत होते, पण २०१७ पासून या शहरात डाग म्हटलं की माणूस उगाच दचकतो. मी डागाखाली पुठ्ठा सरकवला.

एका गॅरेजमध्ये दाखवली. कुठलं ते लिहीत नाही. त्यांनी गाडी वर उचलली, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर बोट फिरवलं, काळं बोट मला दाखवलं आणि म्हणाले, "मैडम, पीछे की क्रैंक सील गई है. गियर बॉक्स उतारना पड़ेगा." म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याभोवतीचं, तेल अडवणारं रबरी सील. साडेसात हजार. तेल सांध्यातून ठिबकत होतं हे माझ्याही डोळ्यांना दिसत होतं, त्यामुळे मी जवळजवळ हो म्हटलंच होतं. घरी आल्यावर मामंजी एवढंच म्हणाले, "तेल वरून खाली येतं, सूनबाई. तू खालून वर बघतेयस."

वय ८१. वीज मंडळातून निवृत्त. गुडघ्यांमुळे आता वाकता येत नाही, म्हणून खुर्ची टाकून बसतात आणि बोलतात. हात माझे. मी पलासियाला एका ऑफिसात अकाउंट्स बघते, पाना हातात धरायची वेळ याआधी फक्त सिलिंडरचा रेग्युलेटर अडकला तेव्हा आली होती.

पण मी लगेच त्यांचं ऐकलं असं नाही. आधी शॉर्टकट मारला. तेलात ओतायची, 'लीक थांबवते' अशी एक बाटली मिळते, ४५० रुपयांची. रबराची सीलं फुगवून मऊ करायची, अशी तिची युक्ती. ओतली, महिनाभर चालवली. पुठ्ठ्यावरच्या डागाला काही फरक नाही. पुढे जुनं पॅकिंग हातात आलं तेव्हा कारण कळलं. जे रबर भाजून खाकरा झालंय ते कुठलं औषध पिऊन फुगणार? कंपनीचं नाव लिहीत नाही, बाटलीवर जे लिहिलं होतं ते कदाचित तरण्या रबराला लागू असेल.

मग रविवार पहिला. इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली, कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटरवर दुधाच्या पिशव्या बांधलेल्या. डिग्रीझर मारून, ब्रशने घासून सगळं इंजिन धुतलं. अठ्ठावीस वर्षांचा काळा खरवस निघाला. वाळल्यावर मामंजींनी आईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, टाल्कम पावडर मागवली. आईंनी डबा दिला, पण "ही काय नवी पद्धत" म्हणून दारातच उभ्या राहिल्या. इंजिनाच्या वरच्या कडांवर, डिस्ट्रिब्युटरच्या मुळाशी आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर पावडर भुरभुरली. राऊपर्यंत जाऊन परत आलो. बॉनेट उघडलं तर चमेलीचा वास आणि पांढऱ्यावर दोन स्वच्छ काळ्या वाटा. एक टॅपेट कव्हरच्या कडेने. दुसरी डिस्ट्रिब्युटर जिथे हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, शिरतो तिथून निघून सरळ खाली गिअरबॉक्सवर. मी तोंड बघायचा आरसा आणि टॉर्च घेऊन खाली पाहिलं. क्रँक सीलच्या आसपासची पावडर, जिथपर्यंत दिसत होती तिथपर्यंत, कोरडी होती. जे तेल गॅरेजवाल्याच्या बोटाला लागलं ते वरून ओघळून आलेलं होतं.

झेनसारख्या जुन्या सुझुकी इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टच्या (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) टोकाला, गिअरबॉक्सच्या बाजूला, हेडमध्ये खोचलेला असतो. मध्ये एक ओ-रिंग. ती कडक झाली की तेल बरोबर त्या सांध्यावर उतरतं आणि सगळ्यांना क्रँक सील दिसायला लागतं. ही ओळ ज्यांची जुनी झेन, एस्टीम किंवा जिप्सी दारात आहे त्यांनी लक्षात ठेवावी, बाकीचं विसरलात तरी चालेल.

सामान आणायला छोटी ग्वालटोलीत गेले. सरवटे बसस्टँडकडून आत शिरलं की स्पेअर पार्ट्सच्या दुकानांची जी रांग आहे, त्यातलं एक जुनं, अरुंद दुकान. काउंटरवरचे गृहस्थ साठीचे. मी फोटो दाखवायच्या आधीच म्हणाले, "झेन? कार्बोरेटर वाली के एमपीएफआई?" एमपीएफआय म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल घेणारी. इथेच मला बरं वाटलं, कारण आधीच्या दोन दुकानांत हा प्रश्नच कोणी विचारला नव्हता. "भाभीजी, ओरिजिनल दो दिन में आएगा. लोकल अभी ले जाओ, अस्सी का." मला रविवार वाया घालवायचा नव्हता. लोकल घेतलं, वर सिलिकॉनची एक ट्यूब, १२० रुपये. आमच्याकडचे मिस्त्री कुठल्याही सिलिकॉनला ॲनाबॉन्डच म्हणतात, जसं आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा.

काम वाटतं तितकं अवघड नाही, पण खूप चिवट आहे. एअर क्लीनरचा डबा काढायचा, प्लगच्या वायरी काढायच्या. वायरींचा क्रम चुकू नये म्हणून मी त्यांच्यावर चार रंगांच्या टिकल्या लावल्या. तरी मामंजी "एक-तीन-चार-दोन" हा फायरिंगचा क्रम अथर्वशीर्षासारखा म्हणत होतेच. मग १० नंबरची गोटी (बोल्टावर बसणारा सॉकेट) आणि ती फिरवायचा रॅचेट, कव्हरचे बोल्ट सैल. कव्हर मात्र हलेना. कारण आधी कधीतरी कोणीतरी पॅकिंग न बदलता वरून सिलिकॉनचा थर दिला होता, केकवर आइसिंग द्यावं तसा.

कव्हर सुटलं तेव्हा जुनं पॅकिंग निघालं नाही, तुटलं. रतलामी शेवेसारखे तुकडे. आणि आतल्या बाजूला, कॅमशाफ्टच्या वर, काळ्या सिलिकॉनच्या शेवया लोंबत होत्या. मामंजी खुर्चीतून उठले, हे त्या दिवसातलं एकमेव उठणं. "एकही तुकडा आत पडता कामा नये." असा तुकडा तेलाबरोबर खाली संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत, जातो, तिथे ऑइल पंपाच्या तोंडाला जाळी असते, ती चोंदली की इंजिनाला तेलच मिळत नाही. ठिबकणारी गाडी निदान चालते, हे झालं तर इंजिनच बसतं. सुती फडकी आत कोंबून, चिमट्याने एकेक शेवई उचलली. कडा साफ करायला स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला तर तो काढून घेतला गेला. ॲल्युमिनियमवर एक ओरखडा म्हणजे तेलाला कायमची पाऊलवाट. एका बंद पडलेल्या एटीएम कार्डाने दोन तास खरवडलं. भांड्यांची हिरवी घासणीसुद्धा वापरू दिली नाही, तिचे कण तेलात जातात म्हणून. शेवटी थिनरच्या फडक्याने पुसून घेतलं, कारण तेलकट जागेवर कुठलंच पॅकिंग नीट बसत नाही.

आता ते ८० रुपयांचं लोकल पॅकिंग. रबर हाताला बरं होतं, पण कव्हरच्या खाचेत बसवताना एका कोपऱ्यात थोडं जास्त व्हायचं. कोपरा दाबला की दुसरीकडे फुगा. कव्हर उलटं केलं की पॅकिंग साडीच्या सुटलेल्या निरीसारखं खाली. म्हणून ते जागेवर राहावं एवढ्यासाठी मी सिलिकॉन वापरलं, आणि अर्थातच जास्त वापरलं. रात्रभर वाळू दिलं. दुसऱ्या दिवशी गाडी सुरू केली, कोरडी. मी ऑफिसात पेढे वाटायचीच बाकी होते.

दुसऱ्या रविवारी ओ-रिंग. हे काम फक्त पाऊण तासाचं, पण छाती धडधडवणारं, कारण डिस्ट्रिब्युटर काढताना जागेवरून फिरला तर इग्निशनचं टायमिंग बदलतं. मामंजींनी खडू मागितला. खडू तेलावर टिकतो कुठे? मी आतून लाल नेलपॉलिश आणलं, जागा थिनरने पुसली आणि डिस्ट्रिब्युटर आणि हेड दोघांवरून जाईल अशी एक बारीक सरळ रेघ ओढली. रोटरचं तोंड कुठे आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढला. जुनी ओ-रिंग निघाली ती गोल नव्हतीच, चौकोनी चपटी झाली होती, आणि वाकवली तर काडीसारखी तुटली. नवीला बोटाने इंजिन ऑइल लावलं, हळूच दाबून बसवलं, लाल रेघ लाल रेघेला जुळवली. पहिल्या सेल्फला गाडी सुरू. आईंनी खिडकीतून विचारलं, "ते नेलपॉलिश वाण म्हणून आलेलं होतं ना?" होतं.

त्या दिवसापासून आजपर्यंत गिअरबॉक्सच्या सांध्यावर एक थेंब नाही. साडेसात हजारांचं काम २५ रुपयांत. या ओ-रिंगला नावं ठेवायला माझ्याकडे काही नाही, फक्त दुकानातून घेताना जुनी बरोबर न्या आणि जाडी जुळवा. चपटी झालेली जुनी मोजून फसू नका, नवी थोडी जाड दिसायलाच हवी.

पण टॅपेट कव्हर. तीन आठवडे कोरडं, आणि मग कडेला पुन्हा ओल. मी इतकी चिडले की त्या ८० रुपयांच्या पॅकिंगला तेव्हाच एक तारा देऊन झोपले असते. कंपनीचं पॅकिंग मागवून घेतलं आणि सांगून टाकलं, या रविवारी बदलते. मामंजी म्हणाले, "आधी गाडी सुरू कर आणि तेल घालायचं झाकण उघड."

झाकणाच्या तोंडावर कागद ठेवला. इंजिन हळू फिरत असताना तो कागद आत ओढला जायला हवा, निदान शांत बसायला हवा. आमचा कागद तेलाचे ठिपके घेऊन फडफडत वर उडाला.

पिस्टनच्या कडेने थोडा गॅस खाली उतरतोच, नव्या गाडीतही. तो वर येऊन एका नळीने आणि पीसीव्ही नावाच्या बोटभर व्हॉल्व्हमधून इनटेककडे ओढला जातो आणि पेट्रोलबरोबर जळतो. ती वाट चोंदली की आत दाब साठतो आणि जिथे कमजोर जागा सापडेल तिथून तेल बाहेर ढकलतो. मी हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. मागच्याच वर्षी आमच्या कुकरची वाफ झाकणाच्या कडेने जायची, मी दोन रिंगा बदलल्या, आणि चोंदलेली निघाली शिट्टी. स्वयंपाकघरात कळलेलं पोर्चमध्ये कळायला तीन रविवार लागले.

व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला. चांगला असेल तर खुळखुळतो. आमचा मुका. आत डांबर. पेट्रोलमध्ये बुडवून पाहिला, अर्धवट खुळखुळला. पण १९० रुपयांच्या वस्तूसाठी अर्धवट कशाला, नवा आणला. त्याची रबरी नळीही आतून चिकटली होती, ती नुसती साफ करून घेतली. नवा लावल्यावर इंजिन चालू असताना व्हॉल्व्हच्या तोंडाला बोट लावलं की ओढ जाणवते. कागदाची परीक्षा पुन्हा घेतली, कागद झाकणाच्या तोंडाला चिकटून बसला. हेही सांगून ठेवते की पीसीव्ही नवा असूनही कागद उडत राहिला, एक्झॉस्टमधून निळा धूर येत असला, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या असण्याची शक्यता जास्त, आणि ते रविवारचं काम नाही.

मग कंपनीचं पॅकिंग लावलं, एमजीपीच्या, म्हणजे मारुतीच्या अस्सल पार्ट्सच्या, पाकिटातलं. फरक हातात घेतल्याबरोबर कळतो. खाचेत एका दमात बसलं, कोपऱ्यात ना कमी ना जास्त. कव्हर उलटं करून हलवलं तरी पडलं नाही. नखाने दाबलं की खड्डा लगेच भरून येतो. सिलिकॉन यावेळी लावलंच नाही, ट्यूब तशीच फडताळात. बोल्टांखालचे रबरी वॉशरही बदलले, तेही पापडासारखे झाले होते. दुकानदारांनी ते पैसे न घेता पुडीत टाकून दिले. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, आलटून पालटून, आणि रॅचेटची मूठ लांबून न धरता अगदी गोटीजवळ दोन बोटांनी. ॲल्युमिनियममधले आटे जोर सहन करत नाहीत. 'अजून थोडं' म्हणून पीळ दिला की पॅकिंग चेपतं, कडेने बाहेर येतं, आणि बोल्ट फुकट फिरायला लागतो. हे मला पटत नव्हतं, तेल थांबवायचं तर घट्ट नको का? पण हाताखालचं रबर मऊ असेल तर हलका दाबच पुरतो.

८० वालं आणि २१० वालं यांत न्याय करायचा तर पूर्ण करता येत नाही. पीसीव्ही आधी बदलला असता तर कदाचित लोकलही टिकलं असतं, त्याच्यावर दाबाचा अन्याय झाला. पण मापात नव्हतं हे खरं, आणि मापात नसल्यामुळे सिलिकॉनचा जो थर द्यावा लागला तोच पुढच्या माणसाला चिमट्याने काढावा लागतो. त्यावेळी पुढची माणूस मीच होते, तीन आठवड्यांनी. १३० रुपयांसाठी तो खेळ परत नको. दोन दिवस थांबावं, कंपनीचं घ्यावं.

दुकानाबद्दल: सोमवार ते शनिवार, पार्किंगच्या नावाने शून्य, स्कूटरवरच जा. बिल मागितलं तर देतात. लोकल पॅकिंगची तक्रार सांगितली तेव्हा वाद न घालता, "मैंने तो ओरिजिनल बोला था ना भाभीजी," एवढंच म्हणाले, आणि ते खरं होतं. पीसीव्ही घेताना त्यांनी पाकिटातून काढून माझ्यासमोर खुळखुळवून दाखवला. चार तारे. पाचवा न देण्याचं कारण, पहिल्या दिवशी त्यांनी 'तेल का गळतंय, पीसीव्ही पाहिलात का' असं विचारलं असतं तर बरं झालं असतं. तीस वर्षं काउंटरवर बसलेल्या माणसाकडून तेवढी अपेक्षा असते.

एक अडचण कोणी सांगत नाही: तेलाची फडकी टाकायची कुठे? आमच्या कचरा गाडीला सहा कप्पे असतात. पहिल्या रविवारनंतर मी ती सुक्या कचऱ्यात दिली तर गाडीवरच्या बाईंनी पिशवी हुंगून परत केली. घातक कचऱ्याच्या कप्प्यात, वेगळ्या पिशवीत बांधून द्यायची. जळक्या तेलाची बाटली मात्र गॅरेजमध्ये नेऊन दिली, नाल्यात ओतायचा विचारसुद्धा करू नका.

तेव्हापासून चार महिने झाले, साधारण ११०० किलोमीटर. मध्ये एकदा उज्जैन. डिपस्टिकवर तेल जवळपास तिथेच आहे, वास गेला. पुठ्ठ्यावर अजून आठवड्याला एक, फक्त एक, थेंब पडतो आणि तो आता कुठून येतो हे मी पावडर न लावता सांगू शकते. संपच्या ड्रेन बोल्टचा वॉशर. तो तेल काढल्याशिवाय बदलता येत नाही, म्हणून पुढच्या ऑइल चेंजपर्यंत थांबले आहे. वॉशर १० रुपयांचा, आणून झेनच्या ॲश-ट्रेमध्ये ठेवला आहे.